सातवीनंतरची वाट



मिरग निघतो. पहिला पाऊस पडतो. शिवारात पेरणीची घाई सुरू होते. त्याच दिवसांत आपल्या घरात एक प्रश्न उभा राहतो. पोर सातवी पास झाली. गावची शाळा संपली. आता पुढे काय?

आम्ही पुष्कळ वर्षे खेड्यातल्या प्राथमिक शाळेत हेडमास्तर होतो. जून महिना आला की आईबाप शाळा सोडल्याचा दाखला मागायला येत. त्या दाखल्याला दोन वाटा असत. एक दाखला शेजारच्या मोठ्या गावच्या हायस्कुलात जाई. दुसरा घरातल्या पेटीत जाई. पेटीत गेलेला दाखला सहसा पुन्हा बाहेर निघत नसे. कागद तोच, शाई तीच, सहीही आमचीच. पण दहा वर्षांनी पाहावे तर त्या दोन पोरांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक पडलेला असे.

आजचा धडा या हायस्कुलाविषयी आहे. तिथे आपली मुले कशी शिकतात, काय मिळवतात, आणि आपण आता वाचू लागलो आहोत तर त्यांच्यासाठी काय करू शकतो, ते पाहू.

दुष्काळातली शाळा

आधी आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. हायस्कूल पाच मैलांवर. कोंबडा आरवला की उठायचे. गोठ्यातले शेण काढायचे. फडक्यात भाकरी-चटणी बांधायची आणि चालू लागायचे. ओढ्याला पाणी आले की दप्तर डोक्यावर घ्यायचे. पायात वहाणा नव्हत्या. पण बरोबर चार सोबती होते, त्यामुळे वाट सरून जाई.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आम्ही तेव्हा आठवीत होतो. विहिरी आटल्या. लोकांनी बैल विकले. सरकारने दुष्काळी कामे काढली. माणसे खडी फोडायला, रस्त्याला, तलावाच्या कामाला जाऊ लागली. घरात मिलोची लाल भाकरी आणि कामावर सुकडी. आमचे वडील म्हणाले, "औंदा शाळा ऱ्हाऊ दे. आणखी दोन हात लागलं तर घर चालंल."

वडिलांचे काही चुकत नव्हते. पोटाची आग पुस्तकाने विझत नाही.

ही गोष्ट हायस्कुलाच्या हेडमास्तरांच्या कानी गेली. ते सायकलवर आमच्या घरी आले. उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "पोराला शाळेतून काढू नका. फीचं मी बघतो. रविवारी आणि सुट्टीत तो तुमच्याबरोबर कामाला येईल. बाकीचे दिवस मला द्या."

आईने विचारले, "मास्तर, शिकून ह्यो काय करंल?"

मास्तर म्हणाले, "ते मला आज सांगता यायचं नाही. पण शिकला नाही तर काय करील, ते तुम्हाला बी ठाऊक आहे आणि मला बी."

वडील बराच वेळ गप्प होते. मग हो म्हणाले. पुढे १९७५ साली आम्ही दहावी पास झालो. जुन्या अकरावीच्या जागी दहावीची परीक्षा आली, ती त्याच साली. लोक तिलाही मॅट्रिकच म्हणत. त्यानंतर ट्रेनिंग घेऊन आम्ही मास्तर झालो. त्या दिवशी ती सायकल आमच्या दारी आली नसती, तर हा धडा लिहायला आम्ही नसतो.

कमवा आणि शिका

हाताने काम करायचे आणि शिकायचे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. ती घालून दिली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. भाऊरावांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी झाला. ते स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. पण खेड्यातली पोरे शिकली पाहिजेत, हा एकच ध्यास त्यांनी जन्मभर धरला.

१९१९ साली कराड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. रयत म्हणजे कष्ट करणारी साधी माणसे. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. त्या काळी गावोगाव शिवाशीव होती. पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या. पण भाऊरावांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीला बसत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव देण्यात आले.

तिथली मुले पाणी भरत, स्वयंपाक करत, शेतात राबत. पैशांची नेहमीच ओढ. एकदा मुलांना घालायला घरात धान्य उरले नाही. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्र विकायला दिले आणि धान्य आणवले. सौभाग्याचा दागिना गळ्यातून काढणे बाईला किती जड जाते, हे आमच्या भगिनींना सांगायला नको. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. त्यांची आठवण साताऱ्याकडची माणसे अजून काढतात.

१९४० साली भाऊरावांनी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले. गरीब मुलाजवळ फीला पैसे नाहीत? मग त्याने घाम द्यावा आणि विद्या घ्यावी. मुले काम करून शिकू लागली. पुढे खेड्यापाड्यांत संस्थेची हायस्कुले निघाली. १९५९ साली भाऊराव गेले. संस्थेचे बोधचिन्ह वडाचे झाड आहे. वडाची पारंबी खाली येते, मातीत रुजते आणि तीच पुढे झाडाला आधार देते. शिकलेले पोर घराला तसाच आधार देते.

आजचे हायस्कूल

आता काळ बदलला आहे. २०१० सालापासून देशात कायदा लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला शिक्षण मोफत मिळाले पाहिजे. म्हणजे आठवीपर्यंत तर शाळा सोडवायचे कारणच नाही. पुढची दोन वर्षे, नववी आणि दहावी, हीच खरी कसोटीची. याच दोन वर्षांत खेड्यातली पुष्कळ मुले गळतात.

हायस्कुलात सकाळी प्रार्थना होते. मग एकामागून एक तास. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास आणि भूगोल. पण हायस्कूल म्हणजे नुसती पुस्तके नव्हेत. मधल्या सुट्टीनंतर मैदानावर कबड्डी आणि खो-खो रंगतात. विज्ञानाचे प्रदर्शन भरते. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला मुले बसतात. स्नेहसंमेलनात घरी तोंड न उघडणारी पोर शंभर माणसांपुढे उभी राहून बोलते. ही देखील कमाईच आहे.

पैशाची अडचण असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, खेड्यातल्या शाळकरी मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. दोन, आठवीत एक शिष्यवृत्ती परीक्षा असते. ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठी आहे. तीत निवड झाली की नववी ते बारावी, अशी चार वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात. तीन, दूरच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहे आहेत. या सर्वांची चौकशी हायस्कुलात करावी. विचारायला लाजू नये. हे कोणी भीक घालत नाही, हा आपल्या लेकरांचा हक्क आहे.

एक पेटी आणि दोन बहिणी

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो.

आमच्या शाळेत एक मुलगी सातवीत पहिली आली. मोठमोठे हिशेब तोंडी करी. अक्षर मोत्यासारखे. जूनमध्ये तिचे वडील दाखला न्यायला आले. म्हणाले, "गुरुजी, पोरीच्या जातीला एवढं लांब कोण धाडणार?" आम्ही दाखला लिहिला, सही केली आणि हातात दिला. एक शब्द बोललो नाही. एक मास्तर आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले होते, हे आम्ही विसरलो. सोळाव्या वर्षी तिचे लग्न लागले. १८ वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे कायद्याने गुन्हा आहे. पण गावात कोणी तोंड उघडले नाही. आम्हीही नाही.

पुढे ती माहेरी येऊन राहिली आणि आपल्या मुलाचे नाव घालायला आमच्याच शाळेत आली. फॉर्मवर तिने सही केली. अक्षर तेच, मोत्यासारखे. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, त्या दिवशी तुम्ही आमच्या दादांना काहीच का बोलला नाही?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तिची सगळ्यांत धाकटी बहीण त्याच वर्षी सातवीत होती. आम्ही त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि उंबऱ्यावर बसलो. वडिलांचे जुनेच म्हणणे. पण मुलीची आई तेव्हा रात्रीच्या साक्षरता वर्गाला जात होती. ती आतून म्हणाली, "फॉर्मवर मी सही करते. तिला धाडायची." त्या साली गावातल्या चार मुली मिळून एस.टी.ने हायस्कुलात जाऊ लागल्या.

नववीत सहामाहीचे प्रगतिपुस्तक घरी आले. आईने विचारले, "किती मार्क पडलं?" पोर म्हणाली, "बरं हाईत." आईने पुस्तक हातात घेतले. बोट ठेवून एकेक अक्षर लावले. ग-णि-त. पुढे २८. पास व्हायला ३५ लागतात, हे तिला वर्गातल्या बाईंनी सांगितले होते. ती पोरीला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसून हायस्कुलात गेली. गणिताच्या मास्तरांनी हजेरीचे पुस्तक उघडून दाखवले. दर मंगळवारी पोर गैरहजर. मंगळवार हा बाजाराचा दिवस! घरी शेळ्या राखायला आईनेच तिला ठेवून घेतले होते. आई म्हणाली, "म्हंजे चूक तिची न्हाई, माजी हाय." तेव्हापासून मंगळवारी शेळ्या शेजारणीकडे आणि पोर शाळेत.

दहावीला त्या मुलीला गणितात ६१ मार्क पडले. ती पहिली आली नाही. पेपरात फोटो छापून आला नाही. पण पुढे बारावी करून ती नर्सिंग शिकली. आज ती दवाखान्यात काम करते आणि औषधाच्या बाटलीवरचे नाव सगळ्या घराला वाचून दाखवते.

आणि थोरली बहीण? धाकटीची जुनी पुस्तके तिने मागून घेतली. शाळा सुटलेल्या माणसाला घरी अभ्यास करून दहावीला बसता येते. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा असतो. तिने आईची पेटी उघडली. तळाशी दाखला होता. घडीवर थोडा फाटला होता, पण शाई शाबूत होती. पुढल्या साली ती दहावी पास झाली. पेढे घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा आम्हालाच बोलता येईना.

आपण काय करावे

बंधुभगिनींनो, हायस्कुलाच्या भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांच्या नावांची पाटी असते. ती असावी. पण प्रत्येक नावामागे घरचे कोणीतरी उभे असते. ते काम आता तुमचे.

प्रगतिपुस्तक स्वतः वाचा आणि मगच सही करा. बाजार, सुगी, पाहुणे यांसाठी पोराला घरी ठेवू नका. रात्री दोन तास त्याला काम सांगू नका. पालकसभेला जा आणि मागे न बसता पुढे बसा. मुलींना सोबतीने धाडा, पण धाडा. दहावीत एखादा विषय राहिला तर हाय खाऊ नका. त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देता येते.

आणि दाखला पेटीत ठेवला असेल, तर आज पेटी उघडा.

प्रश्न

१. हायस्कुलाचे हेडमास्तर लेखकाच्या घरी का आले?
२. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र का विकले?
३. मुलीला गणितात २८ मार्क का पडले? चूक कोणाची होती?
४. सतरा नंबरचा फॉर्म कशासाठी भरतात?
५. आपल्या गल्लीत सातवीनंतर शाळा सोडलेले कोण आहे? त्याचे नाव वहीत लिहा. या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन या.