उशीर झालाय असं वाटतंय? उमेश यादवच्या करिअरमधून 3 धडे



मागे बपेऱ्यात आपली कार्यशाळा झाली. शेवटी एक भाऊ उभा राहिला. भरतीच्या तयारीत त्याची पाच वर्षं गेली होती, आता त्याला पोह्यांचा धंदा टाकायचा होता. म्हणाला, "सर, वय अठ्ठावीस झालं. आता सुरू करून काय होते जी?"

त्याला मी जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो. उदाहरण आपल्याच विदर्भातलं आहे.

उमेश यादव. जन्म 1987, नागपूर. वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामगार. उमेशनेही पोलीस भरतीची परीक्षा दिली आणि थोडक्यात हुकला. मुंबईची पोरं दहाव्या वर्षी कोचिंगला जातात. हा मात्र विशीच्या आसपास पोहोचेपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता! आणि तरीही 2011 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध तो कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू.

हे कसं जमलं?

धडा 1: सगळं येण्याची वाट पाहू नका, एक ताकद ओळखा

उमेशकडे लेदर बॉलचा अनुभव नव्हता, पण वेग होता. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने तो वेग ओळखला आणि त्याला पाठबळ दिलं. 2008 मध्ये रणजी पदार्पण झालं आणि पहिल्याच मोसमात चार सामन्यांत 20 बळी!

आता तुमचं बघा. त्या भावाकडे मशीन नाही, पण कोणत्या शेतकऱ्याकडे कोणता धान चांगला, हे त्याला पाठ आहे. ही त्याची ताकद. मग कर्ज काढून मशीन कशाला? आधी दुसऱ्याच्या मिलमधून मजुरी देऊन थोडे पोहे काढून घ्या. तुमसरच्या तर्री-पोहेवाल्यांना द्या. तो दुसऱ्यांदा मागतो का, ते बघा.

धडा 2: मार बसला की घरच्या मैदानावर या

उमेशचा बॉल वेगात यायचा, पण दिशा चुकली की धावा जायच्या. ऑक्टोबर 2018 मध्ये हैदराबाद कसोटीत त्याने 10 बळी घेतले. दोनच महिन्यांनी ऑस्ट्रेलियात पर्थला महागात पडला आणि पुढच्या कसोटीत बाहेर बसला. मग काय केलं? परत आला आणि विदर्भासाठी रणजी खेळला. जानेवारी 2019 मध्ये केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात 12 बळी. पुढे विदर्भाने सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला.

मोठ्या शहरातली ऑर्डर रद्द झाली म्हणून दुकानाला कुलूप लावू नका. जे गिऱ्हाईक तुम्हाला नावाने ओळखतं, त्याच्याकडे परत जा. माल सुधारा, मग पुन्हा बाहेर पडा.

धडा 3: विश्वास ठेवा, पण कागद करा

जानेवारी 2023 मध्ये बातमी आली. जमीन घेण्यासाठी जवळच्या माणसाकडे दिलेल्या 44 लाखांत फसवणूक झाल्याची तक्रार उमेशने पोलिसांत दिली. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. आपण एवढंच शिकायचं: पैसा एका हातात आणि सही दुसऱ्या हातात गेली की मालक फक्त नावाला उरतो. भाऊ असो, मित्र असो, पार्टनर असो, हिशेब दर शनिवारी स्वतः बघा. बँकेचा मेसेज तुमच्याच मोबाईलवर आला पाहिजे.

आजचा गृहपाठ

वहीत तीन ओळी लिहा:
1. माझी एक ताकद कोणती, जी गावात दुसऱ्याकडे नाही?
2. कर्ज न काढता ती या आठवड्यात कोणाला विकून बघू?
3. माझ्या पैशाचा कोणता व्यवहार अजून तोंडी आहे?

तो भाऊ जाताना विचारत होता, "सर, मग मशीन कधी घेऊ?" मी म्हटलं, "दहा गिऱ्हाइकं परत आली की." तुमचंही तेच. उशीर वयामुळे होत नाही, पहिला बॉल न टाकल्यामुळे होतो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!