फुगडी खेळा, पण हात ताठ नको!

श्रावणात नागपंचमी आणि मंगळागौर, भाद्रपदात गणपती-गौरी. या दिवसांत घरोघरी फुगडी रंगते. वारीच्या वाटेवर वारकरीही फुगडी धरतात. व्यायाम म्हणून हा खेळ उत्तमच. मात्र नंतर कुणाचा खांदा भरून येतो, कुणाचे मनगट सुजते. यात दोष खेळाचा नसून बहुधा हात धरण्याच्या पद्धतीचा असतो.

फुगडीत दोघींचे चवडे जवळ आणि अंग मागे झुकलेले असते. एकीचे वजन दुसरीने तोललेले असते. गिरकीचा वेग दुप्पट झाला की हातांवरची ओढ चौपट होते. अशा वेळी कोपर ताठ असेल, तर प्रत्येक हिसका थेट सांध्यांवर बसतो. कोपर किंचित वाकलेले असेल, तर दंडाचे व पाठीचे स्नायू रबरासारखे ताणले जाऊन तो हिसका झेलतात. हात अगदी सैल सोडणेही वाईट. जोडीदारणीचा तोल गेलेला मग वेळेवर कळत नाही. हात काठीसारखा ताठ नको आणि चिंधीसारखा लुळाही नको.

यासाठी पुढीलप्रमाणे सराव करावा :

१) समोरासमोर उभ्या राहून उजव्या हातात उजवा व डाव्या हातात डावा हात धरावा. खांदे कानांकडे चढू देऊ नयेत.

२) न फिरता हळूहळू मागे झुकावे व दहा अंक मोजावेत. ओढ दोघींना सारखी वाटली पाहिजे. वजनदार बाईने कमी झुकावे.

३) एकीने ओढ थोडी वाढवावी, दुसरीने तेवढीच द्यावी, मग दोघींनी मिळून कमी करावी.

४) हे जमल्यावर चार-पाच संथ गिरक्या घ्याव्यात.

फिरताना नजर जोडीदारणीच्या चेहऱ्यावर ठेवावी. आपण थांबलो तरी अंतर्कर्णातील द्रव काही क्षण फिरतच राहतो, म्हणून भोवळ येते. यासाठी वेग हळूहळू कमी करावा आणि भोवळ ओसरेपर्यंत हात सोडू नयेत. ओल्या फरशीवर खेळू नये. पदर खोचावा, काचेच्या बांगड्या उतरवून ठेवाव्यात.

गरोदर स्त्रिया, हृदयविकार वा अनियंत्रित रक्तदाब असलेले, तसेच चक्कर येण्याचा त्रास असणारे यांनी फुगडी टाळावी. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात. हात टेकून पडल्यास मनगट मोडू शकते. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पाच वर्षांखालील मुलांना हाताला धरून गरगरा फिरवू नये. त्यांच्या कोपराचे हाड सहज सरकते. मूल हात हलवेनासे झाले, तर घरी चोळत बसू नये. त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.