मूळ सापडलं नाही तरी

आईच्या काखेतली गाठ कर्करोगाची निघाली. तो सुरू कुठे झाला, हे मात्र मॅमोग्राफीत दिसलं नाही, पेट स्कॅनमध्येही नाही. तिच्यासोबत दवाखाने करताना उमगलेलं इथे मांडते.

१. मूळ सापडलं नाही म्हणून हातपाय गाळू नयेत. बाईच्या फक्त काखेतल्या गाठींत ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा कर्करोग, असेल, तर स्तनात काही न दिसताही डॉक्टर बहुतेकदा तो स्तनाचाच धरून उपचार करतात. स्तनाचा एमआरआय जरूर करावा. मॅमोग्राफीतून निसटलेली बारीक गाठ त्यात पुष्कळदा सापडते.

२. ब्लॉक जिवापाड जपा. प्लास्टिकच्या चपट्या चौकटीवर मेणाचा ठोकळा, त्यात बायोप्सीचा तुकडा, कडेला नंबर. दिसायला एवढंसं, पण पुढच्या साऱ्या तपासण्या त्यावरच होतात. ईआर-पीआर, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर, त्यातच कळतात. आईचे दोन्ही पॉझिटिव्ह आले आणि हार्मोनच्या गोळीचा रस्ता मोकळा झाला. अर्थात गर्भाशयाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगातही ईआर पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून पॅथॉलॉजिस्ट इतर मार्करही पाहतात.

३. गोळी साधी दिसते, पण तिला हलक्यात घेऊ नका. ऑपरेशन, केमो, रेडिएशन उरकल्यावर आईला लेट्रोझोल सुरू झालं, रोज २.५ मिलिग्रॅम. सकाळी तिची मूठ वळेना. डब्याचं झाकण मी उघडून द्यायची. हाडं ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा स्कॅन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. पाळी चालू असलेल्या बाईला नुसतं लेट्रोझोल चालत नाही. तिला टॅमॉक्सिफेन देतात किंवा अंडाशयाचं काम थांबवतात. नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही औषधं टॅमॉक्सिफेनचा प्रभाव कमी करू शकतात, तेव्हा चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा.

४. मूळ न सापडणं पुरुषांतही घडतं. कर्करोग हाडांत आणि रक्तात पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून येणारं प्रथिन, वाढलेलं, तर तो प्रोस्टेटचा मानून पुरुषी हार्मोन रोखतात. हा मार्ग चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवला; १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

५. मूळ न सापडलेल्या बहुतेक रुग्णांना हार्मोनच्या उपचाराचा उपयोग नसतो. शेजाऱ्याला गुण आला म्हणून तीच गोळी मागू नका.

पण तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर पुढच्या भेटीत एवढं विचाराच : “डॉक्टर, ईआर-पीआर केलंय का? पुरुष असेल तर पीएसए?” आणि रिपोर्टची प्रत आपल्या फाइलला लावून ठेवा.