जुनी स्केल, नवा डिस्प्ले : पत्रिका जुळते का?

'डीआरओ' हा शब्द आपण सगळ्यांनी व्हायव्हात ऐकलेला आहे. एक्स्टर्नल सर फुल फॉर्म विचारतात, आपण 'डिजिटल रीडआउट' म्हणतो, सर मान डोलावतात आणि विषय संपतो. पण त्या पेटीच्या मागच्या सॉकेटमध्ये नक्की येतं काय, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो विचारायची वेळ येते डिस्प्ले मेल्यावर.

आणि डिस्प्ले आधी मरतो. मिलिंग मशीन चाळीस वर्षं चालतं, कारण त्यात बीडाचं वजन आहे आणि ऑइलिंग करणारा माणूस आहे. टेबलाला लावलेली काचेची स्केलसुद्धा, तिचे रबरी ओठ शाबूत असतील आणि कूलंट आत गेलं नसेल, तर बराच काळ टिकते. डिस्प्लेमधला पॉवर सप्लाय आणि कीपॅड मात्र आधी जातात. मग ऑफिसातून सल्ला येतो की नवीन पूर्ण किट मागवा, म्हणजे तिन्ही ॲक्सिसच्या स्केल्स, ब्रॅकेट्स, केबल्स सगळंच. चांगल्या स्केल्स स्क्रॅपमध्ये जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रॅपच्या यादीवर सही करण्याआधी एक मल्टीमीटर, एक स्कोप आणि दोन दुपारी खर्च करून बघा.

आधी स्केल काय बोलते ते समजून घेऊ. काचेवर अगदी बारीक रेघा असतात. नेहमीच्या स्केलमध्ये एक काळी आणि एक मोकळी अशी जोडी २० मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ५० जोड्या. रीडर हेडमध्ये एका बाजूला एलईडी (फार जुन्या स्केल्समध्ये चक्क छोटा बल्ब) आणि दुसऱ्या बाजूला फोटोसेल. टेबल सरकलं की उजेड-अंधार होतो. पण एकाच सिग्नलवरून टेबल डावीकडे गेलं की उजवीकडे, हे कळणार नाही. म्हणून A आणि B असे दोन सिग्नल काढतात, एकमेकांपासून पाव पिरियड म्हणजे ९० अंश सरकवलेले. A पुढे असेल तर एक दिशा, B पुढे असेल तर उलट. यालाच क्वाड्रेचर म्हणतात. एका पिरियडमध्ये दोन्ही मिळून चार कडा येतात, म्हणून २० मायक्रॉनच्या रेघांतून ५ मायक्रॉनचं रिझोल्यूशन मिळतं. १ मायक्रॉनची स्केल म्हणजे बहुतेक वेळा तीच २० मायक्रॉनची काच, फक्त हेडमधलं सर्किट एका पिरियडचे आणखी पाच भाग करतं.

आता खरी अडचण. सगळ्या स्केल्स ही एकच भाषा बोलत नाहीत, आणि कनेक्टर बघून भाषा ओळखता येत नाही. नऊ पिनांचा डी-कनेक्टर दोन्हीकडे आहे म्हणून खुपसला, असं कृपया करू नका. कोणत्या पिनवर ५ व्होल्ट आणि कोणत्यावर शून्य, याचं सगळ्या कंपन्यांनी मिळून पाळलेलं स्टँडर्ड नाही. ५ व्होल्ट चुकून सिग्नलच्या पिनवर गेले तर जी वस्तू वाचवायला निघालो तीच जळते.

सगळ्यात सोपी भाषा टीटीएल. ० आणि ५ व्होल्टच्या चौकोनी लाटा, A ची एक तार, B ची एक तार. तिचीच सुधारलेली बहीण म्हणजे आरएस-४२२ किंवा लाइन ड्रायव्हर. इथे A बरोबर उलटा A आणि B बरोबर उलटा B येतो, आणि डिस्प्ले त्यांतला फरक वाचतो. शेजारी वेल्डिंग सुरू झालं तरी दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट येतो, त्यामुळे फरक तसाच राहतो. स्केल लाइन ड्रायव्हरची आणि डिस्प्ले साध्या टीटीएलचा असेल तर बहुधा जमून जातं. सरळ A आणि सरळ B जोडायचे, उलट्या तारा इन्सुलेट करून मोकळ्या सोडायच्या. त्या 'वापरात नाहीत' म्हणून ग्राउंडला जोडायच्या नाहीत, कारण त्या ड्रायव्हर चिपचे आउटपुट आहेत, म्हणजे ते शॉर्टच झालं. याच्या उलट, डिस्प्ले फरक वाचणारा आणि स्केल एकेका तारेची असेल, तर मध्ये २६एलएस३१ नावाची चिप बसवायची. ती एका सिग्नलचे दोन करून देते.

यापुढच्या भाषा अवघड आहेत. हायडेनहाइनच्या बऱ्याच स्केल्स चौकोनी लाटा देतच नाहीत, त्या साइन वेव्ह देतात. एक प्रकार १ व्होल्ट पीक-टु-पीकचा आणि त्याआधीचा ११ मायक्रोॲम्पियरचा. दुसऱ्यात सिग्नल करंटचा असल्यामुळे स्कोप नुसता लावला तर काहीच धड दिसत नाही आणि माणूस म्हणतो, "स्केल डेड आहे." ती डेड नसते, हळू बोलत असते. अशा स्केलला टीटीएल डिस्प्ले लावायचा तर मध्ये इंटरपोलेशनची पेटी हवी, किंवा साइन वेव्ह वाचणाराच डिस्प्ले घ्यायचा. न्यूऑलच्या स्केलमध्ये तर काचच नसते. नळीत स्टीलचे अचूक बॉल एकाला एक लावून भरलेले असतात आणि हेडमधल्या कॉइल्स त्यांच्यावरून चुंबकीय पद्धतीने जागा ओळखतात. ती कूलंटला भीत नाही, पण तिला तिच्याच जातीचा डिस्प्ले लागतो. आणि बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त कपॅसिटिव्ह स्केल्स A-B न देता आकडाच सिरियल डेटा म्हणून पाठवतात. त्यांची पत्रिका टीटीएल डिस्प्लेशी जुळतच नाही, उगाच प्रयत्न करू नये.

आपल्या वर्कशॉपमधल्या व्हर्टिकल मिलिंगवर 'आऊट ऑफ ऑर्डर'ची पाटी ज्यामुळे लागली होती, ते प्रकरण नशिबाने सोपं निघालं. स्केलचा कनेक्टर बारा पिनांचा गोल, लेबल कूलंटने पुसलेलं, मॅन्युअल नाही. अशा वेळी हेडचं झाकण उघडून चिपचा नंबर वाचायचा. आत २६एलएस३१ होती. मग काम वायर ट्रेसिंगचं उरतं : चिपची ८ नंबरची पिन ग्राउंड, १६ नंबरची ५ व्होल्ट, २ आणि ३ ही एका चॅनेलची सरळ-उलटी जोडी, ६ आणि ५ ही दुसऱ्याची. मल्टीमीटरचा बझर लावून केबलच्या दुसऱ्या टोकाला कोणती पिन वाजते, ते वहीत लिहायचं. आमच्या वर्कशॉपच्या काकांनी आयुष्यभर सुतात मापं सांगितलीत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), पण बझर वाजला की "ही कुठली पिन रे?" म्हणून सगळ्यात आधी वाकून बघणारे तेच.

जोडण्याआधी दोन गोष्टी. नवीन डिस्प्लेच्या सॉकेटवर स्केल न लावता मीटरने ५ व्होल्ट खरंच ५ आहेत का आणि कुठे आहेत ते बघा. आणि जुन्या बल्बवाल्या स्केलला एलईडीपेक्षा बराच जास्त करंट लागतो, तो डिस्प्लेचा सप्लाय देऊ शकतो का तेही बघा. मग बेंच सप्लायवर स्केल चालू करून स्कोपचे दोन चॅनेल A आणि B वर लावा (ई अँड टीसीवाल्यांशी मैत्री ठेवा, स्कोप त्यांच्या लॅबमध्ये असतो!) आणि टेबल हळू फिरवा. दोन स्वच्छ चौकोनी लाटा, एक दुसरीच्या पाव पिरियड पुढे, दिशा बदलली की क्रम उलटा. असं दिसलं तर स्केल ठणठणीत आहे. एकच चॅनेल हलत असेल, तर डिस्प्लेवर आकडा एक काउंट पुढे, एक मागे असा नाचतो आणि पुढे सरकतच नाही. हे लक्षण बघून लोक स्केल फेकतात, आणि दोष असतो तुटलेल्या एका तारेचा.

स्पीडची काळजी कुणी घालते, कुणी घालतं, म्हणून हिशोब देते. टेबलाचा रॅपिड मिनिटाला ३ मीटर धरा, म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर. १ मायक्रॉनच्या स्केलच्या सिग्नलचा पिरियड ४ मायक्रॉन, म्हणजे साडेबारा किलोहर्ट्झ. हे काहीच नाही.

आता सेटिंग. इथे डिस्प्ले कंपन्यांनी एक छान सापळा लावून ठेवलाय. काही डिस्प्ले 'रिझोल्यूशन' विचारतात आणि काही 'सिग्नल पिरियड'. आपल्या स्केलसाठी पहिल्याचं उत्तर ५ आणि दुसऱ्याचं २०. जिथे ५ हवेत तिथे २० भरले तर टेबल १ मिलिमीटर सरकल्यावर डिस्प्ले ४ दाखवेल, आणि उलट केलं तर ०.२५. बरोबर दुप्पट आकडा आला तर आधी लेथचा डायमीटर मोड चालू राहिलाय का बघा. दिशा उलटी असेल तर पॅरामीटर बदला, नाहीतर A आणि B ची अदलाबदल करा. या चुका लगेच दिसतात, म्हणून त्या फारशा धोकादायक नाहीत.

धोका लहान आकड्यांत आहे. डिस्प्लेवर हिरव्या अक्षरात १००.००० आलं की आपण त्यावर देवासारखा विश्वास ठेवतो. म्हणून डायल गेज आणि स्लिप गेज घेऊन मोठ्या अंतरावर तपासणी हवीच. समजा गेजप्रमाणे टेबल २००.००० सरकलं आणि डिस्प्ले १९९.९८५ म्हणतो. चूक १५ मायक्रॉन, म्हणजे मीटरला ७५ मायक्रॉन. तेवढं लिनिअर करेक्शन भरायचं आणि पुन्हा मोजायचं, कारण अधिक-उणे चिन्ह चुकलं तर चूक दुप्पट होते. मोजताना ५०, १००, १५० अशा मधल्या जागीही बघा. चूक अंतराच्या प्रमाणात वाढत नसेल, तर दोष स्केलचा नसून झिजलेल्या स्लाइडचा आहे आणि एका आकड्याने तो सुटणार नाही. स्केल टेबलाच्या कडेला खाली असते, जॉब वर व्हाइसमध्ये. टेबल किंचित जरी झुकत गेलं तरी दोघांचा प्रवास वेगळा होतो. अर्न्स्ट ॲबे यांनी १८९० मध्ये मांडलेलं तत्त्व हेच : माप घेण्याची रेघ आणि मोजायची रेघ एकाच ओळीत हवी.

आणि टेम्परेचर. मापांचं रेफरन्स टेम्परेचर २० अंश आहे. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ३८ सहज असतात. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, स्केलची काच साधारण ८. म्हणजे ३०० मिलिमीटरचा स्टीलचा जॉब १८ अंशांच्या फरकाने ६२ मायक्रॉन वाढला आणि स्केल तेवढ्याच लांबीत ४३. मधले १९ मायक्रॉन कुठल्याही डिस्प्लेला दिसत नाहीत. स्टीलच्या स्लिप गेजने त्याच दुपारी करेक्शन काढलं असेल, तर हा फरक त्या करेक्शनमध्येच मिसळलेला असतो, आणि डिसेंबरच्या सकाळी तोच आकडा थोडा खोटा ठरतो. म्हणून करेक्शनच्या आकड्याशेजारी टेम्परेचर लिहून ठेवा. आम्ही डिस्प्लेच्या मागे स्टिकरच लावलाय.

एक्स आणि वाय चालू झाल्यात. झेडची केबल नी आणि कॉलमच्या मध्ये सापडून चेपली आहे, हेडजवळच तुटल्यामुळे बारीक सोल्डरिंग करावं लागेल. ज्याचा किंवा जिचा हात स्थिर आहे, त्यांनी शनिवारी दुपारी मेस झाल्यावर वर्कशॉपमध्ये यावं. सोल्डरिंग आयर्न आहे, फ्लक्स संपलाय, येताना घेऊन या.