गरज आणि हौस



प्राण्यांचा उपयोग करण्यास आपल्याला मनाई आहे का? ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण (क्र. २४१५ ते २४१८) सांगते की, अन्नवस्त्रासाठी तो करता येतो. मात्र प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. म्हणजे 'चालते का?' एवढे विचारून भागत नाही. 'गरज आहे का?' हेही विचारावे लागते. हा प्रश्न आपण एका उदाहरणावर तपासून पाहू.

युरोपात फरच्या कोटांसाठी मिंक हा प्राणी पाळतात. मिंक मूळचा एकटा राहणारा, पाण्यात पोहून शिकार करणारा. फार्मवर मात्र तो तारेच्या अरुंद पिंजऱ्यात जन्मतो. वसंतात जन्मलेली पिल्ले हिवाळ्याच्या तोंडाशी, केस दाट झाले की, वायूने मारली जातात. एका लांब कोटाला पन्नासएक कातडी लागतात.

कोणी म्हणेल, पिंजऱ्यातच जन्मलेल्याला नदीची काय ओढ? २००१ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हेच तपासले. त्यांनी १६ मिंकांपुढे पोहण्याचे टाके, जादा घरटे, खेळणी असे निरनिराळे पर्याय ठेवले आणि दारांना वजने लावून ती वाढवत नेली. सर्वाधिक कष्ट मिंकांनी पाण्यासाठी घेतले. टाके बंद करताच त्यांच्या शरीरातला ताण जवळजवळ उपासमारीइतका वाढला. परमेश्वराने घातलेला स्वभाव पिंजऱ्याने पुसला जात नाही, हाच याचा अर्थ.

या धंद्याची झळ माणसालाही लागते. डेन्मार्कमध्ये मिंकांत पसरलेला कोरोनाचा विषाणू बदललेल्या रूपात माणसांत आला. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने देशातील सर्व मिंक मारण्याचा आदेश दिला. दीड कोटीहून अधिक जीव गेले. आदेशाला पुरेसा कायदेशीर आधार नव्हता, हे उघड झाल्यावर अन्नमंत्र्यांनी राजीनामा दिला. हजाराहून अधिक फार्मवरच्या कुटुंबांचा रोजगारही एका फटक्यात बुडाला. त्यांचे दुःखही आपण विसरू नये.

इंग्लंड-वेल्सने २००० साली कायदा करून फरसाठी प्राणी पाळण्यास बंदी घातली. भारताने जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद केली. थंडीसाठी लोकर आहे, कापूस आहे, कृत्रिम कापडही आहे. मग मिंकचा कोट ही गरज राहत नाही, केवळ हौस उरते. हौसेपायी दिलेली यातना ही 'विनाकारण' यातनाच होय.

आपल्यापैकी फारच थोड्यांकडे फरचा कोट असेल. पण पाय बांधून स्कूटरला उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण बाजारात पाहतोच. त्या खाणे पाप नाही. पण त्यांना तसे टांगून नेण्याची गरज आहे का?

घरी चर्चेसाठी :
१. या आठवड्यात आपण विकत घेतलेल्या कोणत्या वस्तूमागे प्राण्याचा जीव होता?
२. ती गरज होती की हौस?
३. गरज असली, तरी त्या प्राण्याचा त्रास कमी करता आला असता का?