पहिला बाण कुठे लागतो, ते बघा

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी काही जण हल्ली धनुष्य हातात घ्यायला लागले आहेत. कोणी सहकाऱ्याच्या नादाने, कोणी रानात शांत बसायला मिळतं म्हणून, कोणी हिवाळाभराचं मांस फ्रीजरमध्ये पडावं म्हणून. ऑगस्ट लागला की त्यांच्यातल्या एखाद्याचा फोन येतो, "दादा, 30 यार्डांवर बाण छान बसतायत. यंदा हरणाला जाऊ का?" मी त्याला उलट विचारतो, सकाळी उठून, हात गरम न करता सोडलेला तुझा पहिला बाण कुठे बसतो?

सरकार हे विचारत नाही. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, धनुष्याचा ताण किमान 30 पौंड लागतो, बाणाचं पातं किमान 7/8 इंच रुंद लागतं. नेमाची परीक्षा मात्र कोणी घेत नाही. ती आपली आपणच घ्यायची असते आणि म्हणूनच बहुतेक जण ती टाळतात. ब्रिटन आणि जर्मनीत धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. इथे परवानगी आहे, म्हणून जबाबदारी शिकाऱ्यावर येते.

व्हाइटटेल हरीण आडवं उभं असताना त्याचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जेमतेम आठ इंचांचं वर्तुळ होतं. पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. बंदुकीच्या गोळीचा धक्का बसतो, बाणाचा तसा बसत नाही. बाण कापतो आणि रक्त वाहून जनावर पडतं. दोन्ही फुप्फुसांतून गेलेला बाण हरणाला साधारण शंभरेक यार्डांच्या आत खाली बसवतो. तोच बाण हातभर मागे, पोटात गेला, तर ते हरीण अनेक तास जिवंत राहतं आणि कित्येकदा सापडतच नाही.

एका ऑक्टोबरात अशा हरणाचा माग काढायला मी गेलो होतो. बाण माझा नव्हता, कामावरच्या एका सहकाऱ्याचा होता. आमच्या मैदानावर त्याच्यासारखा नेम कोणाचा नव्हता. 40 यार्डांवरून त्याचे बाण मुठीएवढ्या जागेत बसत. त्या संध्याकाळी उजेड उतरत असताना त्याने 45 यार्डांच्या आसपास उभ्या असलेल्या मादीवर बाण सोडला. अंतर नजरेनेच ठरवलं होतं. आम्हांला बाण मेपलच्या पाचोळ्यात रुतलेला सापडला. त्याच्यावर लाल रक्त फारसं नव्हतं. हिरवट, चिकट ओल होती. मी तो नाकाजवळ नेला आणि आंबलेल्या चाऱ्याचा वास आला. बाण पोटातून गेला होता. अशा वेळी मागे धावलं की जनावर उठून आणखी लांब जातं, म्हणून आम्ही आल्या पावली परतलो आणि रात्र जाऊ दिली. सकाळी पानांवर तपकिरी ठिपके दिसले, एका लोळलेल्या गवताशी थोडं जास्त रक्त दिसलं, पुढे दलदल लागली आणि माग संपला. दुपारपर्यंत आम्ही दोघं गुडघाभर चिखलात शोधत होतो. हरीण मिळालं नाही.

तो माणूस बेफिकीर नव्हता. त्याने मैदानावरचा नेम रानात गृहीत धरला, एवढंच झालं. मैदानावर अंतर ठाऊक असतं, जमीन सपाट असते, लक्ष्य हलत नाही, आणि पहिला बाण चुकला तर दुसरा असतो. आकडेच पाहा. सेकंदाला 280 फूट वेगाने बाण सोडणारं धनुष्य घ्या. नेम धरायच्या काट्याच्या 40 यार्डांच्या पिनवर नेम धरला आणि हरीण खरं 45 यार्डांवर असलं, तर बाण चार-पाच इंच खाली जातो. मर्मस्थान आठ इंचांचं, म्हणजे मध्यापासून चारच इंच. अंदाज पाच यार्डांनी चुकला की अचूक हातसुद्धा वाया गेला. 20 यार्डांची पिन लावली आणि हरीण 25 वर निघालं तर ही चूक तीन इंचांच्या आत राहते. शिवाय 40 यार्ड जायला बाणाला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो आणि दोरीचा आवाज त्याच्या आधी पोचतो. दचकलेलं हरीण उडी मारण्याआधी खाली दबतं. बाण सुटला तेव्हा जिथे छाती होती तिथे पोचेपर्यंत पाठ आलेली असते. यात नेमाचा दोष नाही, पण जखम त्या जनावराचीच.

म्हणून माझं मोजमाप असं आहे. आठ इंचांची कागदी ताटली बांधा. दिवसाचा पहिला बाण सोडा आणि धनुष्य ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्या अंतरावरून हा एकटा बाण रोजच्या रोज ताटलीत बसतो, ते तुमचं मैदानावरचं अंतर. रानात त्यातून आणखी पाच-दहा यार्ड कमी करा. सरासरीला इथे किंमत नाही. दहांपैकी आठ बाण ताटलीत असतील, तर उरलेले दोन हरणाच्या पोटात जाणार आहेत. अगदी नवख्या माणसाला 20 यार्ड पुरेत. बरेचसे व्हाइटटेल 25 यार्डांच्या आतूनच टिपले जातात, आणि जवळ येऊ देणं हीच या शिकारीची खरी कला आहे.

हा सराव शिकारीच्याच सामानाने करा. सरावाचं साधं टोक आणि धारदार पात्यांचं ब्रॉडहेड एकाच धनुष्यातून बहुतेकदा एकाच जागी जात नाहीत. पाती वारा धरतात आणि धनुष्य थोडं जरी बिघडलेलं असलं तरी बाण भरकटतो. हंगामाआधी निदान काही आठवडे ब्रॉडहेडनेच नेम तपासा, आणि शिकारीसाठी नवी धार वेगळी राखून ठेवा. सरावातही शिकारीचं जाड जाकीट घाला. दोरी बाहीला घासली की बाण डावी-उजवीकडे जातो. झाडावरच्या मचाणावर बसणार असाल तर उंचावरून सराव करा, अर्थात अंगावर सुरक्षेचा पट्टा बांधूनच. खाली नेम धरताना हात खाली न करता कमरेतून वाका, नाहीतर हाताची ठेवण मोडते आणि नेम जातो. उंचावरून बाण तिरका शिरतो, म्हणून तो पलीकडून कुठे बाहेर पडेल याचा विचार करून नेम धरा. रेंजफाइंडर जवळ ठेवा आणि हरीण यायच्या आधीच आसपासच्या झाडांची, दगडांची अंतरं मोजून घ्या. आल्यावर मोजत बसायला सवड नसते.

नेम कितीही पक्का असला तरी काही बाण सोडायचेच नाहीत. हरीण तोंड आपल्याकडे करून उभं असेल, चालत असेल, मध्ये बारीकशीही फांदी असेल, तर धनुष्य ओढलेलं असलं तरी दोरी परत सैल करा. आडवं उभं किंवा किंचित पाठमोरं, एवढ्याच दोन ठेवणी नवख्यासाठी. आणि बाण सुटल्यावर निदान अर्धा तास जागचे हलू नका. पोटात लागल्याची शंका असेल तर आठ-दहा तास.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हे सारं परकं वाटतं, आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला जागाच उरलेली नाही. इथे राज्य दर वर्षी परवाने देऊन हरणांची संख्या आटोक्यात ठेवतं. पण परवाना मिळाला म्हणजे हात तयार झाला, असं नाही.

हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. तोवर तुमचा रोजचा पहिला बाण ताटलीत बसत नसेल, तर यंदा धनुष्य घरी ठेवा आणि एखाद्या जाणत्या शिकाऱ्याबरोबर नुसतं बसायला जा. पुढच्या सप्टेंबरातही हरणं असणारच आहेत.