संगणकी खतावणीतील नव्या सोयी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत व्यापारोपयोगी विषयावर एखादा लेख असावा, अशी प्रथा आहे. यंदा ते काम आमच्याकडे आले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हयात गेली ती बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या घाऊक व्यापारात. संगणकशास्त्रावर अधिकारवाणीने लिहिण्याची आमची योग्यता नाही. तथापि गेली वीस वर्षे आमच्या पेढीचे दरपत्रक, साठ्याची नोंद व उधारीची यादी एक्सेल या कोष्टक-कार्यक्रमात ठेवली जाते. त्याच कोष्टकाने आम्हांस एकदा चांगला धडा शिकविला. तो धडा आणि त्यानंतर अंगीकारलेल्या नव्या सोयी सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवणे, एवढाच या लेखाचा हेतू होय.

घडलेली चूक

आमच्या दरपत्रकात प्रत्येक मालास एक क्रमांक आहे. ११७ म्हणजे जुना कोलम, दर क्विंटलला ५,८०० रुपये. हंगामात नवा कोलम आला. त्यास ११८ क्रमांक द्यावयाचे ठरले, दर ५,३५०. परंतु गडबडीत तो दरपत्रकात चढविण्याचे राहून गेले. त्याच दिवशी चंदगड तालुक्यातील एका किरकोळ दुकानदाराने नव्या कोलमची पन्नास किलोची वीस पोती नेली. मुनिमांनी बिलात ११८ घातले. यंत्राने तक्रार न करता ५,८०० हा दर आणून ठेवला. दहा क्विंटलमागे ४,५०० रुपये अधिक लागले.

महिनाअखेरीस खरेदी-विक्रीचा मेळ घालताना त्या मालावर अपेक्षेहून अधिक नफा दिसला, म्हणून संशय आला. तोटा दिसला की व्यापारी रात्रभर वह्या चाळतो. अधिक नफा दिसला की पान उलटतो. सुदैवाने त्या दिवशी आम्ही पान उलटले नाही. दुकानदारास बोलावून रक्कम परत केली, तेव्हा तो म्हणाला, "शेठजी, तुमच्या बिलावरची आकडेमोड आम्ही कधी तपासून पाहिलीच नाही." हे ऐकून आम्हांस समाधान वाटण्याऐवजी लाजच वाटली. ज्याने विश्वासाने तपासले नाही, त्याच्याच पदरी आमची चूक पडली होती.

चुकीचे कारण

त्या काळी आम्ही दर शोधण्यासाठी 'व्हीलुकअप' हे सूत्र वापरीत असू. या सूत्रास चार गोष्टी सांगावयाच्या असतात. चौथी गोष्ट अशी की, तंतोतंत जुळणारेच उत्तर हवे की जवळचे चालेल. ती सांगितली नाही, तर जवळचे चालेल असे सूत्र धरून चालते. चढत्या क्रमाच्या यादीत ११८ सापडला नाही की, त्याच्या खालचा सर्वांत मोठा क्रमांक, म्हणजे ११७, घेऊन ते मोकळे होते. चूक यंत्राची म्हणावी तर नियम प्रसिद्धच आहे, चूक आमचीच. दुसरा दोष असा की, दर कितव्या रकान्यात आहे ते या सूत्रात आकड्याने सांगावे लागते. मध्ये नवा रकाना घातला की तो आकडा खोटा ठरतो व भलताच मजकूर येऊ लागतो.

नवे शोधसूत्र

एक्सेलच्या २०२१ च्या आवृत्तीत, तसेच वार्षिक वर्गणीच्या आवृत्तीत, 'एक्सलुकअप' नावाचे नवे सूत्र आहे. त्यास काय शोधावयाचे, कोणत्या रकान्यात शोधावयाचे आणि उत्तर कोणत्या रकान्यातून आणावयाचे, या तीन गोष्टी पुरतात. मुद्दाम वेगळे सांगितले नाही, तर ते तंतोतंत जुळणारेच उत्तर देते. रकाना आकड्याने नव्हे तर प्रत्यक्ष दाखवून द्यावयाचा असल्याने, मध्ये नवा रकाना आला तरी सूत्र बिघडत नाही. चौथ्या जागी, माल न सापडल्यास काय लिहावे, ते आपण सांगू शकतो. आमच्या बिलात तेथे "दर नोंदलेला नाही" असे शब्द घातले आहेत. ते उमटले की मुनीम हात थांबवितात, विचारतात, मग बिल पुरे करतात.

आणखी एक उपयोग धान्यवाल्यांस विशेष. रोजचा दर यादीच्या तळाशी नव्या ओळीत लिहीत गेल्यास एकाच मालाच्या अनेक ओळी होतात. या सूत्राच्या सहाव्या जागी उणे एक हा आकडा घातला, आणि पाचवी जागा रिकामी सोडली, तर शोध तळापासून सुरू होतो व अखेरचा दर हाती येतो. जुने दरही पुसले जात नाहीत.

उधारीची यादी

त्याच आवृत्तीतील दुसरी सोय 'फिल्टर' या सूत्राची. पूर्वी तीस दिवसांवरील येणे काढावयाचे तर सबंध खतावणी चाळून वेगळा कागद करावा लागे, आणि चार दिवसांनी तो शिळा होई. आता एका घरात सूत्र लिहिले की अट पुरी करणाऱ्या सर्व ओळी खालच्या घरांत आपोआप पसरतात. जमा नोंदली की ते नाव यादीतून निघते. पसरण्याची जागा मात्र रिकामी ठेवावी. तेथे काही लिहिलेले असल्यास सूत्र अडते. 'सॉर्ट' या सूत्राने तीच यादी मोठ्या रकमेपासून लावता येते, तर 'युनिक' हे सूत्र रोजकीर्दीतील प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव एकदाच देते. येथे एक सावधगिरी हवी. एकाच गिऱ्हाइकाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले असेल, तर यंत्र त्यास दोन गिऱ्हाइके समजते. यास्तव नावाऐवजी खातेक्रमांक वापरणे श्रेयस्कर.

जीएसटीचा मेळ

२०२२ च्या १८ जुलैपासून पंचवीस किलोपर्यंतच्या, वेष्टनबंद व लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के कर लागू झाला. ज्या धान्यवाल्यांस पूर्वी कराच्या वजावटीची चिंता नव्हती, त्यांसही खरेदीची बिले शासकीय विवरणाशी पडताळणे प्राप्त झाले. हे विवरण, ज्यास टू-बी म्हणतात, कोष्टकाच्या रूपातच उतरवून घेता येते. आम्ही दोन्ही याद्यांत पुरवठादाराचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक व बिल क्रमांक एकत्र जोडून एक खूण करतो, आणि आमच्या यादीतील प्रत्येक खूण एक्सलुकअपने त्यांच्या यादीत शोधतो. न सापडलेल्या बिलांपुढे "विवरणात नाही" असे येते. त्या पुरवठादारास त्याच दिवशी दूरध्वनी करावा. उलट दिशेनेही शोध घ्यावा, म्हणजे आपल्या वहीत चढवावयाचे राहिलेले बिल सापडते.

शून्य हरविण्याचा रोग

कडधान्यांचा एचएसएन क्रमांक ०७१३ असा आहे. तो साध्या घरात टंकित केला की एक्सेल त्यास संख्या समजून आरंभीचे शून्य टाकून देते व ७१३ उरतो. तसेच संख्येचे पहिले पंधरा अंकच हे यंत्र नेमके ठेवते. सोळा अंकी बँक खातेक्रमांक लिहिल्यास शेवटचा अंक शून्य होतो, आणि त्यावर भरणा करावयास गेलो तर काय होईल ते सांगावयास नको. २०२३ च्या ऑक्टोबरपासून वर्गणीच्या आवृत्तीत ही आपोआप होणारी फिरवाफिरव बंद करण्याची सोय मिळाली. ती पर्यायांच्या पानावर 'डेटा' या विभागात आहे. ज्यांच्याकडे ती नसेल, त्यांनी मजकूर लिहिण्यापूर्वी तो रकाना 'टेक्स्ट' प्रकारचा करावा.

जुन्या फाईलचा धोका

नवा कार्यक्रम घेतला तरी फाईल जुन्याच प्रकारची राहिल्यास मर्यादाही जुन्याच राहतात. जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात; २००७ पासूनच्या प्रकारात १०,४८,५७६. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जुन्या प्रकारच्या फाईली वापरल्यामुळे १५,८४१ कोरोना रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. एवढ्या मोठ्या खात्याची ही गत, तर आपल्या पेढीने दक्ष राहावयास हवे.

आवृत्ती पाहून घ्यावी

वर सांगितलेली शोध, गाळणी व क्रमवारीची सूत्रे २०१६ व २०१९ च्या आवृत्त्यांत चालत नाहीत. आपल्या करसल्लागारांकडे जुनी आवृत्ती असेल, तर त्यांना सूत्रांऐवजी केवळ उत्तरे असलेली प्रत पाठवावी. ज्यांस खर्च करावयाचा नाही, त्यांच्यासाठी लिब्रेऑफिस हा विनामूल्य कार्यक्रम आहे. २०२४ च्या ऑगस्टमधील २४.८ या आवृत्तीपासून त्यातही ही सूत्रे आली आहेत.

शेवटची विनंती

नव्या सोयीकडे वळताना तीन नियम पाळावेत. पहिला, जुन्या फाईलची प्रत वेगळी ठेवल्यावाचून हात लावू नये. दुसरा, एक महिना जुनी व नवी अशा दोन्ही रीतींनी बिले काढून ताडून पाहावीत. तिसरा, रोज कोणतीही दहा बिले हाताने तपासावीत, आणि ती नफ्याच्या बाजूची असली तरी तपासावीत.

आमच्या वडिलांच्या वेळी मुनीम तेरीज जुळेपर्यंत दिवा मालवीत नसत. आज बेरीज निमिषात होते, म्हणून दिवा लवकर मालवला जातो. वाचलेल्या वेळापैकी अर्धा तास जरी पडताळणीस दिला, तरी या सोयींचे चीज झाले असे आम्ही समजू. "दर नोंदलेला नाही" हे शब्द बिलावर उमटले, तर त्यात पेढीची नामुष्की नाही. चुकीचा दर मुकाट्याने उमटणे, हीच खरी नामुष्की होय.